बोटीच्या इंजिनाची ताकद आणि उठाव कसा वाढवावा

थ्रॉटल पुढे ढकलल्यावर बोट नाक वर करून बराच वेळ रेंगाळते आणि मग कुठे पाण्यावर चढते, अशी तक्रार सुरू झाली की बहुतेक मालकांच्या मनात पहिला विचार येतो तो मोठ्या इंजिनाचा. इंजिन बदलणे हा या कामातील सर्वांत खर्चिक टप्पा असून माझ्या मते तो सर्वांत शेवटी यावा. इंजिन, गिअर, पंखा (प्रोपेलर) आणि बूड या चौघांचा मेळ जसा असेल तसा बोटीचा वेग आणि उठाव मिळतो. त्यांपैकी एक अंग कमकुवत असताना दुसऱ्यावर पैसे ओतले, तर वाढवलेली ताकद पाणी घुसळण्यातच खर्च होते. म्हणून हत्यारे हातात घेण्यापूर्वी आपल्या बोटीला नेमके काय कमी पडते आहे, हे मोजून ठरवावे.

आधी मोजमाप

शांत पाण्यात, नेहमीइतके इंधन आणि नेहमीइतकी माणसे घेऊन बोट पूर्ण थ्रॉटलवर चालवावी आणि तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात: इंजिनाने गाठलेले कमाल आरपीएम (मिनिटाला होणारे फेरे), जीपीएसवर दिसणारा वेग, आणि उभ्या बोटीला पाण्यावर चढायला लागलेले सेकंद. प्रवाहाचा आणि वाऱ्याचा परिणाम वजा व्हावा म्हणून एकाच पट्ट्यात दोन्ही दिशांनी फेरी मारून सरासरी काढावी. डॅशबोर्डावरचे जुने काट्याचे आरपीएम मीटर बरेचदा चुकीचा आकडा दाखवते. त्यामुळे शक्य असल्यास इंजिनाच्या निदान यंत्रावरून किंवा हातात धरून वापरायच्या टॅकोमीटरवरून तो आकडा एकदा तपासून घ्यावा, कारण पुढचे सगळे निर्णय याच आकड्यावर अवलंबून राहणार आहेत.

प्रत्येक निर्माता पूर्ण थ्रॉटलला इंजिनाने कोणत्या आरपीएमच्या दरम्यान असावे हे पुस्तिकेत देतो. अनेक चार-स्ट्रोक आउटबोर्डांसाठी (बोटीच्या मागे बाहेरून बसवलेल्या इंजिनांसाठी) हा पट्टा ५००० ते ६००० असतो, डिझेल इंजिनांचा त्याहून बराच खाली असतो. आपले इंजिन त्या पट्ट्यापर्यंत पोहोचतच नसेल, तर ते ओझ्याखाली दबलेले आहे आणि पुस्तिकेत लिहिलेली अश्वशक्ती ते कधीच देत नाही. ते पट्ट्याच्या वर पळत असेल, तर पंखा हलका पडतो आहे किंवा पाण्यात पकड घेत नाही.

दुसरा प्रश्न बुडाच्या आकाराचा. पाणी बाजूला सारत जाणाऱ्या, गोल बुडाच्या जड बोटींना निसर्गाने घातलेली मर्यादा असते: पाणरेषेवरील लांबी फुटांत घेऊन तिचे वर्गमूळ काढावे आणि त्याला १.३४ ने गुणावे, म्हणजे साधारण कमाल वेग नॉटमध्ये (तासाला सागरी मैल) मिळतो. पाणरेषेवर २५ फूट असलेल्या अशा बोटीसाठी हा आकडा ६.७ नॉट येतो. या वेगाच्या आसपास बोट स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते. पुढे ताकद वाढवली की मागची बाजू खाली बसते आणि इंधन जळते, वेग मात्र जेमतेम वाढतो. अशा बोटीच्या मालकाने वेगाची अपेक्षा सोडावी आणि ओढण्याची ताकद, समोरच्या वाऱ्यात टिकून राहण्याची क्षमता आणि कमी वेगावरचा प्रतिसाद यांच्याकडे लक्ष द्यावे.

पाण्यावर चढून सरकणाऱ्या, म्हणजे प्लेनिंग बोटींचे गणित वेगळे आहे. त्यांचा वेग ढोबळमानाने ताकद आणि वजन यांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. वजन तेवढेच ठेवून १०० अश्वशक्तीच्या जागी १५० बसवली, तर वेग दीडपट होत नाही, सुमारे २२ टक्के वाढतो. याच हिशेबाची दुसरी बाजू फार उपयोगाची आहे: बोटीचे एकूण वजन एक पंचमांशाने घटवले, तर त्याचा परिणाम ताकद एक चतुर्थांशाने वाढवल्याइतका होतो. पिण्याच्या पाण्याची भरलेली २०० लिटरची टाकी म्हणजे २०० किलो, आणि डेकखाली पाणी पिऊन बसलेला जुना फोम त्याहूनही अधिक असू शकतो. बुडावर जमलेले शेवाळ आणि शिंपले तर वजन आणि घर्षण दोन्ही वाढवतात. म्हणून बोट पाण्याबाहेर काढून बूड घासून स्वच्छ करणे आणि न लागणारे सामान उतरवणे ही पहिली सुधारणा समजावी. त्यानंतर मोजमाप पुन्हा घ्यावे.

पंखा

पैशाच्या मानाने सर्वांत मोठा फरक पंख्याने पडतो, आणि याच टप्प्यावर सर्वांत कमी विचार केला जातो. पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात, उदाहरणार्थ १५ × १९. पहिला आकडा इंचांतील व्यास आणि दुसरा पिच, म्हणजे पाणी घन असते तर एका फेऱ्यात पंखा जितके इंच पुढे सरकला असता ते अंतर. पिच एका इंचाने कमी केली की पूर्ण थ्रॉटलचे आरपीएम साधारण १५० ते २०० ने वाढतात. समजा, आपले इंजिन १९ पिचवर ४८०० आरपीएमलाच थबकते आणि निर्मात्याचा पट्टा ५००० ते ६००० आहे. अशा वेळी १५ पिचचा पंखा लावल्यास इंजिन ५४०० ते ५६०० च्या घरात येईल. पिच कमी केली की इंजिन लवकर वर पळते, आपल्या जोराच्या पट्ट्यात लवकर पोहोचते आणि बोट झटकन उठते. उठाव हवा असेल, तर नेहमीच्या ओझ्यानिशी पट्ट्याच्या वरच्या अर्ध्या भागात पोहोचेल असा पंखा निवडावा. मात्र हलकी बोट घेऊन निघालात तरी इंजिन कमाल मर्यादा ओलांडणार नाही, एवढी सवड ठेवावी.

पंखा पाण्यात किती निसटतो, हेही काढता येते. आरपीएमला पिचने गुणावे, त्याला गिअरचे प्रमाण गुणिले १२१५ या संख्येने भागावे, म्हणजे निसटणे शून्य धरून वेग नॉटमध्ये मिळतो. ५५०० आरपीएम, १७ पिच आणि २ : १ गिअर असेल तर उत्तर सुमारे ३८.५ नॉट येते. जीपीएसवर प्रत्यक्ष ३४ नॉट दिसत असतील, तर निसटणे १२ टक्क्यांच्या जवळपास आहे आणि प्लेनिंग बोटीसाठी ते चांगले म्हणावे. हाच आकडा २५ टक्क्यांवर गेला असेल, तर पाती वाकली आहेत, पंखा हवा ओढतो आहे, बूड खराब आहे किंवा बोट फार जड आहे. त्या स्थितीत इंजिनाला हात लावण्यात अर्थ नाही.

तीन पात्यांऐवजी चार पात्यांचा पंखा पाण्याला अधिक घट्ट धरतो, मागची बाजू उचलतो आणि कमी वेगावरही बोट पाण्यावर टिकवून ठेवतो; त्या बदल्यात कमाल वेग थोडासा कमी होतो. स्टेनलेस स्टीलची पाती पातळ असूनही ओझ्याखाली वाकत नाहीत, त्यामुळे ॲल्युमिनियमच्या तुलनेत त्यांचा प्रतिसाद नेमका असतो. खडकाळ, उथळ पाण्यात मात्र मी ॲल्युमिनियमच सुचवीन, कारण आपटल्यावर त्याचे पाते वाकते किंवा तुटते, तर स्टीलचे पाते धक्क्याचा मोठा भाग गिअरपर्यंत पोहोचवते. काही पंख्यांच्या गाभ्याला छोटी छिद्रे असतात. सुरुवातीला त्यांतून एक्झॉस्टचे वायू पात्यांपाशी येतात, पंख्याची पकड क्षणभर सैल होते आणि इंजिनाला आरपीएम गाठायला वाव मिळतो. वेग आल्यावर छिद्रांवरून पाणी वाहू लागते आणि पकड पूर्ववत होते. कमी आरपीएमवर जोर नसलेल्या इंजिनाला ही छिद्रे खरोखर उपयोगी पडतात.

आउटबोर्डची उंची हा याचाच भाग आहे. पंख्याच्या वर असलेली आडवी प्लेट बुडाच्या खालच्या पातळीला किंवा किंचित वर असावी आणि बोट वेगात असताना ती पाण्याच्या पृष्ठभागाला लागून दिसावी. इंजिन फार खाली असेल तर त्याचा खालचा भाग पाणी ओढत राहतो. फार वर असेल तर पंखा हवा ओढतो आणि थंडाव्याच्या पाण्याचा दाबही घटतो. इंजिन एका वेळी बोल्टच्या एकाच भोकाइतके वर चढवावे आणि प्रत्येक वेळी पाण्याचा दाब व तापमान पाहावे.

शाफ्टवर चालणाऱ्या जड बोटीसाठी दिशा उलट असते. मोठ्या व्यासाचा आणि सावकाश फिरणारा पंखा तिथे अधिक ओढ देतो, म्हणून अनेकदा इंजिनापेक्षा गिअरबॉक्सचे प्रमाण बदलून मोठा पंखा बसवणे फलदायी ठरते. तो बसवताना पात्याचे टोक आणि बूड यांत पंख्याच्या व्यासाच्या निदान १० ते १५ टक्के अंतर राहील, हे आधी मोजून घ्यावे. अंतर कमी पडल्यास थरथर आणि आवाज वाढतो.

आहे त्या इंजिनाची हरवलेली ताकद

जुन्या इंजिनात सुधारणा करण्याआधी ते कारखान्यातून निघताना जेवढी ताकद देत होते, तेवढी आजही देते का हे पाहावे. इंजिन बंद ठेवून एकाने लिव्हर पूर्ण पुढे करावा आणि दुसऱ्याने इंजिनावरची थ्रॉटलची झडप खरोखर पूर्ण उघडते का ते बघावे. केबल ताणली गेल्यामुळे ती अर्धवट उघडत असल्याचे कितीतरी बोटींवर आढळते. सर्व सिलिंडरांचे कॉम्प्रेशन (आतला दाब) मोजावे आणि त्यांत मोठी तफावत असेल, तर पुढील सर्व बेत थांबवून आधी दुरुस्ती करावी. पूर्ण थ्रॉटलला इंधनाच्या नळीत निर्वात पोकळी (व्हॅक्यूम) वाढत असेल, तर फिल्टर तुंबला आहे, नळी आतून अरुंद आहे किंवा टाकीवरची झडप अडखळते आहे.

हवेचाही विचार करावा. इंजिनाच्या खोलीतील हवा २५ अंश सेल्सिअसवरून ५० अंशांवर गेली, की तिची घनता जवळपास ८ टक्क्यांनी घटते आणि तेवढा ऑक्सिजन इंजिनाला कमी मिळतो. हवा आत येण्याच्या जाळ्या मोठ्या करणे, बाहेरची थंड हवा थेट इंजिनाच्या तोंडाशी नेणारी नळी बसवणे आणि तापलेल्या एक्झॉस्टला आवरण घालणे, ही स्वस्त कामे आहेत. एक्झॉस्टमधील उलटा दाब निर्मात्याच्या मर्यादेत आहे का, हे मापकाने पाहावे. खाऱ्या पाण्याने आतून गंजलेले रायझर (एक्झॉस्टचे वर चढणारे नळे) हे त्या दाबाचे नेहमीचे कारण असते. रुंद एक्झॉस्ट बसवायचा झाल्यास बाहेरचे पाणी लाटेबरोबर इंजिनात शिरणार नाही, इतकी रायझरची उंची पाणरेषेच्या वर राखणे अत्यावश्यक आहे.

पेट्रोल इंजिनात बदल

बोटीचे इंजिन म्हणजे सतत घाट चढत असलेली गाडी. मोटारीचे इंजिन सपाट रस्त्यावर आपल्या ताकदीचा थोडासाच भाग वापरते, तर बोटीचे इंजिन तासन् तास मोठ्या ओझ्यावर चालते. त्यामुळे मोटारींसाठी लिहिलेल्या ट्यूनिंगच्या कृती जशाच्या तशा उचलू नयेत.

उठावासाठी जास्तीत जास्त आरपीएमवरच्या अश्वशक्तीपेक्षा खालच्या आणि मधल्या पट्ट्यातला टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, महत्त्वाचा असतो, आणि तो मिळवण्याचा भरवशाचा मार्ग म्हणजे इंजिनाची घनक्षमता, म्हणजे सिलिंडरांचे एकूण आकारमान, वाढवणे. बोटींमध्ये फार वापरल्या गेलेल्या शेव्हरोलेच्या ३५० घनइंची व्ही-८ इंजिनाचे सिलिंडर ०.०३० इंचांनी वाढवून त्यात ३.७५ इंच स्ट्रोकचा क्रँकशाफ्ट बसवला की ते ३८३ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ६.३ लिटरचे होते. बाहेरचे माप तेच राहते, मात्र खालच्या आरपीएमवरचा जोर स्पष्टपणे वाढतो.

झडपा उघडणारा कॅमशाफ्ट निवडताना विशेष सावध राहावे. शर्यतीच्या मोटारींच्या कॅममध्ये हवा आत घेणारी आणि वायू बाहेर सोडणारी झडप एकाच वेळी बराच काळ उघडी राहते. बोटीच्या एक्झॉस्टमध्ये थंडाव्याचे पाणी मिसळलेले असते. असा कॅम बसवल्यास कमी आरपीएमवर एक्झॉस्टचे वायू उलटे ओढले जातात, त्यांच्याबरोबर पाणी सिलिंडरमध्ये जाते आणि इंजिन आतून गंजून निकामी होते. म्हणून बोटीसाठीच बनवलेला कॅम घ्यावा. कॉम्प्रेशन वाढवणे किंवा सुपरचार्जर (जादा हवा कोंबणारा पंप) बसवणे यांमुळे ठोका पडण्याचा, म्हणजे इंधन अवेळी पेटण्याचा, धोका वाढतो, आणि इंजिनाच्या व पाण्याच्या आवाजात तो ठोका ऐकूही येत नाही. पिस्टनला भोक पडल्यावरच कळते. मिश्रणात पेट्रोल कमी पडणार नाही आणि ठिणगीची वेळ फार पुढे जाणार नाही, हे जाणकाराकडून मोजमापाने जुळवून घ्यावे.

सुरक्षेच्या बाबतीत एक गोष्ट मी आग्रहाने सांगतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि ती बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत, साचून राहते. त्यामुळे बोटीच्या आतल्या इंजिनावर मोटारीचा स्टार्टर, अल्टरनेटर, इंधन पंप किंवा कार्ब्युरेटर कधीही बसवू नये. ठिणगी बाहेर न पडू देणारे आणि वाफ आतच ठेवणारे मरीन भागच वापरावेत, जरी ते बाहेरून अगदी सारखे दिसत असले तरी. हवेच्या तोंडाशी ज्वाळा अडवणारी जाळी (फ्लेम अरेस्टर) काढून त्याजागी मोटारीचा एअर फिल्टर लावणे हाही तसाच जीवघेणा प्रकार आहे. इंजिन सुरू करण्यापूर्वी निदान चार मिनिटे ब्लोअर (वाफ बाहेर काढणारा पंखा) चालवावा.

संगणकीय नियंत्रण असलेल्या इंजिनांची ताकद सॉफ्टवेअर बदलून वाढवून देणारे अनेक जण असतात. एकाच घनक्षमतेचे इंजिन वेगवेगळ्या अश्वशक्तींत विकले जाते हे खरे आहे: मर्क्युरीच्या २.१ लिटर आउटबोर्डची ७५, ९० आणि ११५ अशी, तर यामाहाच्या ४.२ लिटर व्ही-६ ची २२५, २५० आणि ३०० अशी रूपे आहेत. पण दोन रूपांत फक्त सॉफ्टवेअरचा फरक आहे असे गृहीत धरू नये. झडपा, हवेचा मार्ग किंवा गिअरही वेगळे असू शकतात. शिवाय अशा बदलाने हमी संपू शकते, उत्सर्जनाचे नियम मोडले जाऊ शकतात, आणि कव्हरवर ९० लिहिलेले इंजिन प्रत्यक्षात ११५ देत असेल, तर अपघातानंतर विम्याचा दावाही अडचणीत येतो. नवीन इंजिनच घ्यायचे असेल, तर बोटीच्या मर्यादेत बसणारे आणि घनक्षमतेने मोठे असलेले रूप सुरुवातीलाच निवडणे अधिक शहाणपणाचे आहे.

डिझेल इंजिनात

डिझेलमध्ये पंपाचा स्क्रू फिरवून इंधन वाढवणे सोपे असते आणि म्हणूनच ते धोक्याचे आहे. हवा न वाढवता इंधन वाढवले की काळा धूर येतो, एक्झॉस्टचे तापमान चढते आणि पिस्टन, झडपा व टर्बो भाजून निघतात. एक्झॉस्टचे तापमान दाखवणारा मापक बसवल्याशिवाय आणि निर्मात्याची मर्यादा माहीत असल्याशिवाय या स्क्रूला हात लावू नये. आफ्टरकूलर (टर्बोतून आलेली हवा थंड करणारा भाग) रासायनिक द्रवाने स्वच्छ करणे, टर्बोची पाती धुणे, इंजेक्टर तपासून घेणे आणि हीट एक्स्चेंजरमधील क्षार काढणे या कामांनी बरेचदा हरवलेली ताकद परत येते.

टर्बो नसलेल्या इंजिनाला टर्बो लावण्याचा मोह टाळावा. कारखान्यात टर्बो इंजिन बनवताना पिस्टन, कॉम्प्रेशन, तेलाने पिस्टन थंड करण्याची सोय आणि इंजेक्टर हे सर्व बदललेले असते. तेवढे सगळे बदलण्यापेक्षा तयार इंजिन घेणे परवडते. डिझेल इंजिन घेताना त्याचे रेटिंगही वाचावे. एकच इंजिन दिवसभर पूर्ण ओझ्यावर चालण्यासाठी कमी अश्वशक्तीला आणि अधूनमधून वापरल्या जाणाऱ्या हौशी बोटीसाठी जास्त अश्वशक्तीला विकले जाते. रोज मासेमारीला जाणाऱ्या बोटीवर हौशी रेटिंगचे इंजिन बसवले, तर त्याचे आयुष्य झपाट्याने घटते.

इंजिन बदलायचे ठरल्यास

एवढे सगळे करूनही ताकद अपुरी पडत असेल, तर इंजिन बदलावे. सुरुवात बोटीवरील क्षमतेच्या पट्टीपासून करावी. तीत दिलेल्या कमाल अश्वशक्तीच्या पुढे जाऊ नये; ही मर्यादा बुडाचा तोल, मागच्या फळीची ताकद आणि वळताना बोट कशी वागते हे धरून ठरलेली असते. पट्टी नसेल, तर बोट बांधणाऱ्याचा किंवा सर्वेक्षकाचा लेखी सल्ला घ्यावा. नोंदणी आणि विमा यांच्या कागदांत बदल नोंदवावाच.

मागची फळी, म्हणजे ट्रान्सम, हातोडीच्या लाकडी मुठीने ठोकून पाहावी. बद्द आवाज आला तर आतले लाकूड कुजले आहे. जुन्या दोन-स्ट्रोक इंजिनाच्या जागी चार-स्ट्रोक आणताना वजन वाढू शकते, म्हणून तेवढ्या वजनाच्या पाण्याच्या कॅन मागे ठेवून डेकवरचे पाणी बाहेर जाण्याची भोके पाणरेषेच्या वर राहतात का, हे खरेदीआधीच तपासावे. सुकाणू केबलचे असेल, तर मोठ्या आउटबोर्डसाठी हायड्रॉलिक घ्यावे, आणि किल स्विचची (इंजिन तत्काळ बंद करणाऱ्या स्विचची) दोरी चालकाच्या अंगाला बांधलेली असावी. इंधनाचाही हिशेब करावा: १५० अश्वशक्तीचे पेट्रोल आउटबोर्ड पूर्ण थ्रॉटलला तासाला ५५ लिटरच्या आसपास इंधन घेते.

आतल्या इंजिनाच्या बाबतीत टॉर्कचा हिशेब करावा लागतो. किलोवॅटला ९५४९ ने गुणून आरपीएमने भागले की टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये मिळतो. २५०० आरपीएमवर १०० किलोवॅट देणारे इंजिन ३८२ न्यूटन-मीटर देते आणि २ : १ गिअरनंतर शाफ्टवर ते ७६४ च्या जवळ जाते, त्याच आरपीएमवर १५० किलोवॅट केले, तर शाफ्टवर ११४६ येतात. शाफ्टची पीळ सोसण्याची क्षमता व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते, म्हणून दीडपट टॉर्कसाठी ३० मिलिमीटरचा शाफ्ट सुमारे ३४.३ मिलिमीटरच्या पुढे न्यावा लागतो. गिअरबॉक्स, कपलिंग (गिअरबॉक्स आणि शाफ्ट जोडणाऱ्या तबकड्या), बेअरिंग, समुद्राचे पाणी घेणारी झडप आणि तिची नळी हे सर्व त्याच मापाने वाढले पाहिजे.

शाफ्टची सरळ रेषा जमिनीवर जुळवून समाधान मानू नये, कारण बोट पाण्यात गेल्यावर तिचा आकार किंचित बदलतो. काही दिवस तरंगू दिल्यावर कपलिंगच्या दोन तबकड्यांमधील फट फीलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांनी) चारही बाजूंनी मोजावी. तबकडीच्या व्यासाच्या प्रत्येक इंचामागे एक हजारांश इंचापेक्षा जास्त फरक नसावा, म्हणजे ४ इंची तबकडीला सुमारे ०.१ मिलिमीटर.

नवे किंवा नव्याने बांधलेले इंजिन निर्मात्याने सांगितलेल्या तासांपर्यंत बदलत्या आरपीएमवर चालवून बसू द्यावे आणि त्यानंतरच पूर्ण थ्रॉटलची चाचणी घ्यावी. चाचणी पहिल्या मोजमापाच्याच पाण्यात, तेवढेच ओझे घेऊन करावी, आणि आरपीएम, वेग व सेकंद यांच्या जोडीला पाण्याचे तापमान, तेलाचा दाब आणि एक्झॉस्टचा धूर नोंदवावा. आरपीएम पट्ट्याबाहेर गेले तर पंखा पुन्हा बदलावा. पंख्याचा विक्रेता चाचणीसाठी पंखा बदलून देतो का, हे म्हणूनच खरेदीच्या वेळी विचारून ठेवावे. पहिल्या काही फेऱ्यांनंतर माउंटचे बोल्ट, नळ्यांचे पट्टे आणि कपलिंगची फट पुन्हा तपासावी, कारण माउंटची रबरे नव्या इंजिनाच्या वजनाखाली बसतात आणि आधी जुळवलेली रेषा हलते.